डॉ. रशीद जहाँ आणि फलाटावरची मलका बेगम



अलीगढ येथे १९०६ साली शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींसाठी शाळा काढली. मुलीने शिकावे, तेही घराबाहेर पडून, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना मानवत नव्हती. तरीही ती शाळा टिकली, वाढली आणि पुढे तिचे महाविद्यालय झाले. या दांपत्याची थोरली मुलगी म्हणजे रशीद जहाँ. त्यांचा जन्म १९०५ चा.

अलीगढनंतर त्या लखनौला शिकल्या आणि १९२४ साली दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. १९२९ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि सरकारी नोकरीत रुजू झाल्या. पडद्यातल्या स्त्रिया त्यांच्यापाशी नुसते दुखणे सांगत नसत, संसारही सांगत. औषधाने बरे न होणारे पुष्कळ काही तेथे त्यांच्या कानांवर पडले.

डिसेंबर १९३२ मध्ये लखनौहून ‘अंगारे’ नावाचे उर्दू पुस्तक निघाले. सज्जाद जहीर, अहमद अली, महमूदुज्जफर आणि रशीद जहाँ हे त्याचे चार लेखक. त्यात रशीद जहाँ यांची ‘दिल्ली की सैर’ ही कथा आहे. अवघ्या काही पानांची कथा. पण ती तुम्ही जरूर वाचा.

फरीदाबादची मलका बेगम आगगाडीने दिल्लीस जाऊन आलेली. शेजारणी कौतुकाने तिच्याभोवती जमतात. ती सांगते ते असे. नवऱ्याने हौसेने दिल्ली दाखवायला नेले. स्टेशनावर त्याला ओळखीचा एक माणूस भेटला. बायकोला सामानाजवळ बसवून तो त्याच्याबरोबर निघून गेला. बुरख्यात ती एकटी. भोवती गर्दी, गोंगाट आणि टक लावून पाहणारे पुरुष. पोटात भूक. फार वेळाने नवरा परतला तो जेवून, आणि तिला भूक लागली असल्यास काही आणून देऊ का, असे सहज विचारू लागला. मलका बेगमने दिल्ली पाहण्यास साफ नकार दिला आणि घरी परत नेण्यास सांगितले. दिल्ली फलाटावरच संपली.

या कथेत मारहाण नाही, तलाक नाही, रडारड नाही. नवरा दुष्टही नाही. त्याला फक्त तिची आठवण राहिली नाही. वाचकहो, मन दुखावायला एवढे पुरेसे असते. बायकोला सहलीस नेले की तिला स्वातंत्र्य दिले, असे आपल्यापैकी कितीजण समजतात!

‘अंगारे’तील धर्मविषयक लिखाणाने लोक संतापले आणि मार्च १९३३ मध्ये सरकारने पुस्तक जप्त केले. रशीद जहाँ यांना नाक कापण्याच्या धमक्या आल्या. त्या डगमगल्या नाहीत; रोगी तपासत राहिल्या आणि लिहीतही राहिल्या.

१९३४ साली त्यांनी महमूदुज्जफर यांच्याशी विवाह केला. ज्याच्या शेजारी आपले नाव छापले गेले आणि ज्याच्याबरोबर लोकांचा रोष सोसला, तोच त्यांचा जोडीदार झाला. पुढे प्रगतिशील लेखक संघाच्या उभारणीत आणि कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यात दोघे बरोबरीने राबले. १९४९ मध्ये त्यांना तुरुंगवासही घडला. कर्करोगावरील उपचारांसाठी त्या मॉस्कोला गेल्या आणि जुलै १९५२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. तेथेच त्यांना दफन करण्यात आले. वय अवघे ४६.

त्यांची सर्व मते आपल्याला पटतीलच असे नाही. पण पालकहो, एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा. मुलीला आपण पदवीपर्यंत शिकवतो. मग तिच्या लग्नाच्या बैठकीत तिचे मन विचारतो का? आणि मुलग्यांनो, उद्या तुम्ही कोणाचा हात धरून प्रवासास निघाल. तिला सामानाजवळ बसवून विसरू नका.