दात बसवण्याआधी जबड्याचा एक्स-रे काढतात. तो शोधणाऱ्याने पेटंट घेतलं नव्हतं

बारामती-इंदापूरकडच्या घरांत आता कवळीसोबत इम्प्लांटचीही चर्चा होते. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा आणि त्यावर नवा दात चढवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण आजोबांना डेंटिस्टकडे नेलं की स्क्रूच्या आधी हातात चिठ्ठी पडते, ओपीजी काढायची. कधी सीबीसीटी. मग घरी प्रश्न पडतो, की दातच नाहीत तर फोटो कशाचा?

फोटो हाडाचा. दात गेला की त्याच्या आधाराचं हाड हळूहळू झिजतं आणि नुसती हिरडी बघून ते नीट कळत नाही. खालच्या जबड्यातून नस जाते. वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. स्क्रू किती लांबीचा आणि कुठे बसवायचा, हाड कमी असेल तर आधी भरायचं का, हे सगळं त्या फोटोवर ठरतं.

जबडा न उघडता आतलं हाड बघायची ही सोय ज्यांच्यामुळे झाली, त्यांना शाळेतून काढून टाकलं होतं.

विल्हेल्म रॉन्टजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ चा, जर्मनीतल्या लेनेपचा. वडील कापडाचे व्यापारी. विल्हेल्म तीन वर्षांचा असताना कुटुंब हॉलंडला गेलं. तिथे उट्रेक्टच्या शाळेत कुणीतरी मास्तरांचं व्यंगचित्र काढलं. ते विल्हेल्मने काढलं नव्हतं असं सांगतात, पण काढणाऱ्याचं नाव त्याने सांगितलं नाही आणि शाळा सुटली. शालान्त प्रमाणपत्र नाही म्हणजे विद्यापीठाचं दार बंद. शेवटी झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेने प्रवेश परीक्षेवर घेतलं. तिथेच बर्था भेटली, लग्न झालं. पुढे वुर्झबर्ग विद्यापीठाने त्याच प्रमाणपत्रावर बोट ठेवून त्यांना अध्यापनाची संधी नाकारली. गंमत म्हणजे १८८८ मध्ये ते तिथेच प्राध्यापक झाले, नंतर कुलगुरूही.

८ नोव्हेंबर १८९५. प्रयोगशाळेत अंधार केलेला. काचेच्या निर्वात नळीतून वीज सोडलेली आणि नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली. तरीही थोड्या अंतरावरचा रसायन लावलेला पडदा चमकायला लागला. पुठ्ठ्यातून प्रकाश बाहेर येणं शक्यच नव्हतं, म्हणजे दुसरंच काहीतरी येत होतं. पुढचे सात आठवडे रॉन्टजेन बहुतेक वेळ प्रयोगशाळेतच. जेवण तिथे, झोपही तिथेच. कुणाला काही सांगितलं नाही. कागद, लाकूड, पत्रा, पुस्तक, एकेक वस्तू मध्ये धरून बघत राहिले. किरण कसले हे कळेना, म्हणून गणितातल्या अज्ञात संख्येसारखं नाव दिलं, एक्स.

२२ डिसेंबरला त्यांनी बर्थाला बोलावून तिचा हात फोटोच्या काचेवर ठेवायला लावला. फोटोत बोटांची हाडं आली आणि एका बोटात अंगठी. बाई घाबरल्या. जिवंतपणी स्वतःचा सांगाडा त्याआधी कुणी पाहिला होता?

२८ डिसेंबरला शोधनिबंध दिला आणि काही दिवसांत बातमी जगभर गेली. जानेवारी १८९६ मध्येच ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या तोंडात फोटोची काच धरून दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी ते तब्बल २५ मिनिटं हलले नाहीत. आज ओपीजीच्या मशीनपुढे अर्धा मिनिटही उभं राहावं लागत नाही, तरी आपण मान हलवतो.

या किरणांचा धोका सुरुवातीला बहुतेकांना नीट कळला नव्हता. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी वर्षानुवर्षं रुग्णांच्या तोंडात फिल्म स्वतःच्या हाताने धरली. आधी बोटं गेली, मग हात. आज एक्स-रे काढताना तंत्रज्ञ बाहेर का जातो, त्याचं उत्तर इथे आहे.

एवढ्या मोठ्या शोधाचं पेटंट घेतलं असतं तर रॉन्टजेन यांच्या घरात पैसा मावला नसता. त्यांनी ते घेतलंच नाही. शोध सगळ्यांनी वापरावा, ही त्यांची भूमिका होती. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं, त्याचे पैसे वुर्झबर्ग विद्यापीठाला दिले. नावापुढे सरदारकीचं बिरुद लावायलाही नकार दिला.

हा एक्स-रे सगळंच दाखवतो असं मात्र नाही. रक्तातली साखर त्यात दिसत नाही, मिश्री आणि तंबाखूची सवयही दिसत नाही. आणि स्क्रूभोवती हाड नीट धरणार का, हे त्यांवरही अवलंबून असतं. म्हणून चिठ्ठीवर शुगरची तपासणी असते, हिरड्यांची सफाई असते आणि तंबाखू बंद करायला सांगितलेलं असतं. ऊसपट्ट्यातल्या माणसाला यातलं शेवटचं सगळ्यात जड जातं.

१९१९ मध्ये बर्था गेली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत महागाई इतकी भडकली की रॉन्टजेन यांची आयुष्यभराची शिल्लक कवडीमोल झाली. १० फेब्रुवारी १९२३ ला ७७ व्या वर्षी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची बरीच कागदपत्रं नंतर जाळून टाकण्यात आली.