शिंकांचा माग काढणारा डॉक्टर

इंग्लंडात मे महिना सरत आला की हवामानाच्या बातम्यांत पाऊस आणि तापमान यांच्या जोडीने आणखी एक गोष्ट सांगितली जाते. आज हवेत परागकण किती? प्रमाण जास्त असेल तर जादा रुमाल आणि औषधाची गोळी खिशात टाकूनच अनेकजण घराबाहेर पडतात. हवेतले हे कण रोजच्या रोज मोजून आपल्या शिंकांशी त्यांचा हिशेब जुळवायचा, हा खटाटोप दीडशे वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या एका डॉक्टरने केला. त्याचे नाव चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली.

त्याचा जन्म १८२० सालचा, लँकेशायरमधल्या बोल्टनचा. त्याच्या आदल्याच वर्षी, १८१९ मध्ये, जॉन बोस्टॉक या डॉक्टरने लंडनच्या वैद्यकसभेत एका विचित्र आजाराची हकिगत वाचून दाखवली होती. दर उन्हाळ्यात डोळे चुरचुरतात, नाक गळते, शिंकांनी जीव हैराण होतो, छातीत घरघर सुरू होते आणि मोसम सरला की सारे आपोआप थांबते. तो रोगी म्हणजे बोस्टॉक स्वतःच होता. लोक या आजाराला ‘हे फीवर’, म्हणजे वाळल्या गवताचा ताप, म्हणू लागले. वास्तविक त्यात ना ताप, ना वाळल्या गवताचा दोष. बोस्टॉकने उन्हाला आणि उकाड्याला दोषी धरले. पुढे कोणी धुळीकडे बोट दाखवले, कोणी ओझोनकडे, कोणी गवताच्या वासाकडे. थोर जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झला नाकातल्या सूक्ष्मजंतूंचा संशय होता आणि तो क्विनीनचे पाणी नाकात घाली.

ब्लॅकली घरचा डॉक्टर नव्हे. मँचेस्टरच्या छापखान्यात कोरीवकाम करून तो पोट भरी आणि संध्याकाळी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व सूक्ष्मदर्शक यांच्या मागे लागे. चांगला पस्तिशीचा झाल्यावर, १८५५ साली, त्याने वैद्यकशाळेत नाव घातले आणि १८५८ मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला. इर्वेल आणि मेडलॉक या नद्यांच्या खोऱ्यात, गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या हल्म या उपनगरात त्याने दवाखाना थाटला. उपचारपद्धती होमिओपॅथीची. म्हणजे प्रस्थापित वैद्यकाच्या दृष्टीने तो आधीच पंगतीबाहेरचा.

त्याला स्वतःला हा उन्हाळी त्रास होता, आणि तेच त्याचे भांडवल ठरले. १८५९ च्या सुमारास घरात फुलदाणीत ठेवलेला गवताच्या तुऱ्यांचा वाळका गुच्छ हलला, त्याची पूड उडाली आणि ब्लॅकलीला शिंकांचा सपाटा सुरू झाला. तेव्हा गवताचा मोसमही नव्हता. पुढे एकदा रस्त्याने जाताना गाडीने उडवलेल्या धुळीने तो बेजार झाला. दुसऱ्या कोणी धुळीला शिव्या घातल्या असत्या. याने ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तीत गवताचे परागकण!

मग त्याने एकेका संशयिताची झडती घेतली. ऊन, उष्णता, ओझोन, गवताला सुवास देणारे द्रव्य, सारे स्वतःच्या नाकावर अजमावले. क्विनीनने त्याला गुण आला नाही. बुरशीचे बीजाणू हुंगले तेव्हा आवाजच बसला, छाती धरली, आणि तो प्रयोग त्याने पुन्हा केला नाही. वेगवेगळ्या वनस्पतींचे पराग मात्र तो चिकाटीने हुंगत राहिला. त्रास होणार हे ठाऊक असून वर्षानुवर्षे तो ओढवून घ्यायचा, ही गोष्ट वाचायला सोपी आहे. धाप लागणे म्हणजे काय हे दम्याच्या रोग्याला विचारावे.

हाताच्या कातडीवर ओरखडा काढून त्यावर त्याने पराग लावले. दुसऱ्या हातावर तसाच ओरखडा, पण परागांवाचून. पहिल्या हाताला खाज सुटली, गांधी उठून तो भाग सुजला. दुसऱ्याला काही नाही. आज ॲलर्जीच्या दवाखान्यात हातावर थेंब टाकून, सुई टोचून जी चाचणी करतात तिची ही आजी. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात आढळलेल्या आणि नंतर देशभर पसरलेल्या गाजर गवताचा कातडीला वा नाकाला उपद्रव झालेल्या आपल्याकडच्या माणसांनाही या वाटेने जावे लागते.

पण त्याचे खरे कौतुक वाटते ते मोजणीचे. चिकट द्रावणाचा लेप दिलेली काचपट्टी तो शहराबाहेरच्या कुरणात, माणूस श्वास घेतो साधारण त्या उंचीवर, दिवसभर ठेवी आणि मग तिच्यावरचे कण एकेक करून मोजी. १८६६ च्या २८ जून रोजी आकडा शिगेला पोचला: चौरस सेंटिमीटरला ८८० कण. त्यांत बहुतेक सारे गवताचे. ऐन पावसात आकडा घसरे, त्याबरोबर त्रासही घसरे. शहराच्या मध्यभागी कण कुरणापेक्षा फारच कमी सापडत. वरच्या हवेचे काय, म्हणून या मध्यमवयीन डॉक्टरने पतंग उडवले! दोराला काचपट्ट्या बांधून हजार फुटांच्या वर त्या पोचवल्या, तर तिथे जमिनीजवळच्यापेक्षा कितीतरी पट अधिक पराग. जवळपास कुरण नसलेल्या माणसाला शिंका का येतात, याचे उत्तर वाऱ्यावर मिळाले.

हे सारे त्याने १८७३ साली ग्रंथरूपाने छापले. खुद्द चार्ल्स डार्विनने ग्रंथ वाचून त्याच्याशी पत्रव्यवहार केला. वैद्यकविश्व मात्र त्या मानाने थंडच राहिले.

एक कोडे ब्लॅकलीला सुटले नाही. परागांत दिवसभर बुडालेल्या शेतकऱ्याला हा आजार क्वचित. पाद्री, डॉक्टर आणि सुशिक्षित शहरी मंडळींना हमखास. शिक्षणाने शरीराची घडण तशी होते, की सतत संपर्काने शेतकऱ्याचे शरीर सरावते? दोन्ही शक्यता त्याने नोंदवल्या. पहिली आज हसण्यावारी नेता येईल. दुसरीची चर्चा अजून चालू आहे. बालपणी जंतूंशी गाठ कमी पडल्याने ॲलर्जी वाढते का, हा प्रश्न डेव्हिड स्ट्राखन यांनी १९८९ मध्ये पुन्हा उभा केला.

ब्लॅकली १९०० साली वारला. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने १९०६ मध्ये काढला. आणि १९११ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात लिओनार्ड नूनने गवताच्या परागांचा अर्क, आधी अगदी थोडा, मग हळूहळू वाढवत, रोग्यांना टोचायला सुरुवात केली. शेतकरी जे नकळत करत आला असेल, ते सुईने आणि मापाने.