संगीतकार सी. रामचंद्र

शेगावला पालखी निघाली की टाळ-मृदंगाचा घोष कानी येतो. त्याच बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या गावी लग्नाची वरात निघाली की बँडवाल्यांचे ट्रंपेट आणि क्लॅरिनेट वाजू लागतात. टाळ-मृदंग आपले, ही फुंकून वाजवायची वाद्ये मात्र इंग्रजांच्या पलटणींबरोबर या देशात आली. त्यांना चित्रपटगीतांत मानाचे आसन ज्यांनी मिळवून दिले, त्यांत सी. रामचंद्र यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचे संपूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे त्यांचा जन्म झाला. संगीताचे शिक्षण त्यांना विनायकबुवा पटवर्धन यांच्यासारख्या व्यासंगी गुरूंकडून लाभले. पण तरुण रामचंद्रांचे मन अभिनयाकडे ओढ घेत होते. १९३५ साली 'नागानंद' या चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका मिळालीही. परंतु चित्रपट पडला आणि नायक होण्याचे स्वप्न विरून गेले. पुढे मिनर्व्हा मूव्हिटोन या संस्थेत लहानसहान भूमिका करीत ते इतर संगीतकारांच्या साथीला पेटी वाजवू लागले. ज्याने नायक म्हणून पडद्यावर मिरवावे, त्याने मागे बसून पेटीचा भाता ओढावा, हे काही सोपे नव्हे. पण संगीतकाराचे काम ते शिकले ते याच जागी बसून.

१९४२ साली, अमरावतीस जन्मलेल्या भगवान यांच्या 'सुखी जीवन' या चित्रपटास त्यांनी संगीत दिले. मुंबईत त्या वेळी गोव्याचे अनेक वादक होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. त्यामुळे कागदावर लिहिलेले संगीत ते सहज वाजवीत. त्यांपैकी आंतोनियो झेवियर वाझ हे ट्रंपेटवादक 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध होते. अमेरिकेचा थोर ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श. ते रामचंद्रांचे साहाय्यक झाले. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात तर ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात.

हे संगीत मुळात कोणाचे? गुलामगिरीच्या यातना सोसलेल्या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वंशजांनी बँडची वाद्ये हाती घेऊन 'जाझ' घडविले. त्यांच्याच चर्चमधील भक्तिगीतांचा आर्त स्वर पुढे लौकिक गीतांत उतरला आणि 'सोल' संगीत जन्मास आले. 'सोल' म्हणजे आत्मा. ठेक्यावर भर देणारे 'फंक' हे त्याचेच धाकटे भावंड. अशा संगीतात शब्द नसले तरी अडत नाही. एक वाद्य प्रश्न करते, दुसरे उत्तर देते, खाली ढोल एकच ठेका धरून असतो. 'अलबेला'ची गाणी ऐकताना क्षणभर शब्दांकडे दुर्लक्ष करावे. ही प्रश्नोत्तरे तेथेही ऐकू येतील.

या नव्या चालींवर पुष्कळांनी नाके मुरडली. काही चाली परदेशी गीतांवरून घेतलेल्या होत्या, हेही खरे. तेवढ्यापुरता तो आक्षेप रास्तच म्हणावा लागेल. पण १९५३ साली 'अनारकली' आला. त्यातील भीमपलासीच्या छायेतील गीताने सिद्ध केले की, ट्रंपेटवर लुब्ध झालेला हा संगीतकार विनायकबुवांची तालीम विसरला नव्हता. चितळकर या नावाने ते स्वतः गातही असत. 'अलबेला'त भगवानना त्यांचाच आवाज आहे.

१९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीत हजारो श्रोत्यांपुढे लता मंगेशकर यांनी एक गीत गायिले. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल रामचंद्रांची. समोर पंतप्रधान नेहरू बसले होते. नृत्याचा ठेका देशभर गाजविणाऱ्या संगीतकाराने हुतात्म्यांसाठी बांधलेली ती संथ चाल ऐकून नेहरूंचे डोळे पाणावले.

१९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.