सत्तर हजार फ्रँक आणि माहेर

जमिनीचे म्हणा, विम्याचे म्हणा, हाती अचानक मोठे पैसे आले की पहिली धाकधूक हीच असते, माहेरी सांगायचं का? सांगितलं तर मागणी येणार, नाही सांगितलं तर उद्या कळल्यावर तोंड कसं दाखवायचं? मेरी क्युरीला हा प्रश्न पडलेला दिसत नाही. का पडला नाही, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

तिचं माहेरचं नाव मान्या स्क्लोडोव्स्का. जन्म १८६७ चा, पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. वडील शिक्षक. त्यांनी आयुष्यभराची शिल्लक, ३० हजार रुबल, एका नातेवाइकाच्या धंद्यात घातली आणि ती सगळी बुडाली. मुलींच्या हुंड्याचे पैसेही त्यातच गेले. घरात मुलं राहायला-जेवायला ठेवून संसार ओढला. आई १८७८ मध्ये क्षयानं गेली.

थोरल्या ब्रोन्याला डॉक्टर व्हायचं होतं, पण वॉर्सा विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. मग बहिणींनी आपसांत ठरवलं. ब्रोन्यानं आधी पॅरिसला जायचं आणि मान्यानं नोकरी करून तिला पैसे पाठवायचे, नंतर ब्रोन्यानं मान्याचं बघायचं. १८८६ मध्ये अठरा वर्षांची मान्या दूर खेड्यातल्या एका श्रीमंत घरी मुलांना शिकवायला राहिली. पगार वर्षाला ५०० रुबल. त्यातून दरमहा बहिणीला पैसे जात. तीन वर्षं परक्या घरात काढणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक! पुढे ब्रोन्यानंही शब्द पाळला. १८९१ मध्ये मान्या पॅरिसला आली ती बहिणीच्याच घरी.

देण्याघेण्यात ती किती चोख होती बघा. १८९३ मध्ये तिला ६०० रुबलची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे कमाई झाल्यावर तिनं ती परत केली. कुणी मागितली नव्हती. तिच्यामागून एखाद्या गरजू मुलीला ती मिळावी, एवढंच तिच्या मनात होतं.

डिसेंबर १९०३ मध्ये मेरी आणि तिचा नवरा पिएर यांना नोबेल पारितोषिकातला अर्धा वाटा मिळाला. सुमारे ७० हजार फ्रँक! पैसे अजून हाती पडायचे होते, कधी पडतील याचाही पत्ता नव्हता. तरी त्याच महिन्यात तिनं भाऊ युझेफला पत्रातून अंदाजे आकडासुद्धा कळवून टाकला. वडिलांना मात्र हे सांगता आलं नाही. ते आदल्याच वर्षी गेले होते.

जानेवारीत रक्कम आली. काही भाग रोख्यांत सुरक्षित ठेवला (वडिलांचा अनुभव पाठीशी होताच). पिएरनं शिकवण्याची एक नोकरी सोडली, म्हणजे संशोधनाला वेळ मिळेल. प्रयोगशाळेत मदतनीस ठेवला. आणि ब्रोन्या व तिच्या डॉक्टर नवऱ्यानं पोलंडच्या डोंगरात, झाकोपाने इथं क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम काढलं होतं, त्याला २० हजार ऑस्ट्रियन क्राउन दिले. आईला नेणारा रोग तो हाच. उपकार म्हणून हे दिलं असेल असं मला तरी वाटत नाही. त्या घरात पैसा कधी एकट्याचा नव्हताच.

इतर बहिणींना, पिएरच्या भावालाही काही ना काही गेलं. म्हणजे सासर-माहेर दोन्ही आलं. सेव्हरच्या शाळेतली एक अडचणीतली विद्यार्थिनीही सुटली नाही.

स्वतःसाठी? घरात नव्या पद्धतीचं न्हाणीघर करून घेतलं, एका खोलीला नवा कागद लावला. नवी टोपी काही घेतली नाही आणि सेव्हरची शिकवण्याची नोकरीही सोडली नाही. पण लहानपणी फ्रेंच शिकवणारी एक बाई लग्न होऊन पोलंडमध्येच राहिली होती. आपलं जन्मगाव डिएप पुन्हा एकदा बघावं, ही तिची फार दिवसांची इच्छा. तिला मेरीनं जाण्यायेण्याचं भाडं पाठवलं, वर पॅरिसला आपल्या घरी पाहुणी म्हणून बोलावलं.