मनूचे घर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आपल्या ग्रंथालयातून ‘स्मृतिचित्रे’ घरी नेले. विचुंब्यातील आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. प्रवेशाच्या अर्जावर आईने अंगठा उठवला तेव्हा, खोटे कशाला सांगू, मी दुसरीकडे पाहिले होते. त्याच आईला मी रोज संध्याकाळी ओटीवर हे पुस्तक वाचून दाखवू लागले.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनू गोखले. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्याने मनूच्या वडिलांना, नानांना, सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! मिठाचे पाणी होईना का, विटाळ नको. नानांच्या धाकाने सारे घर दबून असे. बाई हे सगळे हसत हसत सांगतात. मला मात्र पहिल्या दिवशी हसू आले नाही. आमच्याकडे सोवळे नाही; पण लहानपणी बाबा कामावरून कोणत्या पावलांनी घरी येतात, यावर आम्हा भावंडांची संध्याकाळ ठरत असे. असल्या गोष्टीही लिहायच्या असतात आणि वर हसायचे असते, हे मला ठाऊक नव्हते.

अकराव्या वर्षी मनूचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक मोठे कवी, पण लहरी. केव्हा घर सोडून निघतील याचा नेम नसे. अक्षरओळख त्यांनीच करून दिली. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. मीठ धुणाऱ्या घरातल्या या मुलीने आधी जातिभेद मनातून काढला, आणि मगच, १९०० साली, स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. १९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, १९३६ साली त्या गेल्या.

मिठाच्या प्रसंगाला आई तोंडाला पदर लावून हसली. मग तिने मनूच्या आईची चौकशी केली. एवढे धुणे उपसत कोण होते, हे तिला आधी हवे होते. बाई लिहायला कधी शिकल्या, असेही तिने विचारले. लग्नानंतर, असे मी सांगितले. आई काही बोलली नाही. तिने पुस्तक हातात घेतले, बोटाने पान चाचपले आणि पुढचे वाच म्हणून ते मला परत दिले.

— द्वितीय वर्ष, कला