राष्ट्रसंत श्री तुकडोजी महाराज

राष्ट्रसंतांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब कुटुंबात झाला. मूळ नाव माणिक. वरखेडचे श्रीसंत आडकोजी महाराज त्यांचे सद्गुरू. तरुणपणी रामटेक, सालबर्डी, रामदिघीच्या अरण्यांत त्यांनी साधना केली. परंतु तेथे लाभलेली शांती त्यांना एकट्यापुरती ठेववली नाही. खंजिरी घेऊन ते गावोगाव फिरले. १९३५ मध्ये मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला. दिवसभर राबलेल्या माणसांनी जातिभेद विसरून सायंकाळी एकत्र बसावे, यासाठी त्यांनी सामुदायिक प्रार्थना रूढ केली. गोंदिया जिल्ह्यातील अनेक गावांत ती आजही होते. भाविकांनी परतीच्या वाटेवर तिला अवश्य बसावे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज ब्रह्मलीन झाले. पुण्यतिथीस मोझरीत सायंकाळी ४.५८ वाजता अफाट जनसमुदाय मौन उभा राहतो.