लक्ष्मणराव किर्लोस्कर : उमेदवारांवर भरवसा टाकणारा उद्योजक

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, कळंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी असे व्यवसाय शिकण्यासाठी शहरातील आणि आसपासच्या तालुक्यांतील मुले येथे येतात. वीजतंत्र्याचे शिक्षण दोन वर्षांचे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे एखाद्या कारखान्यात उमेदवारी करावयाची, हा ठरलेला मार्ग. या मार्गावर दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. नव्या मुलांचे कामात मन नसते, असे कारखानदार म्हणतात. आम्हांला काम शिकवितो कोण, झाडलोट, चहा आणणे आणि सामान वाहणे यांतच वर्ष सरते, असे उमेदवार म्हणतात.

विजेच्या कामात हा प्रश्न केवळ शिस्तीचा राहत नाही. तारेचा सांधा सैल राहिला तरी दिवा लागतो. अर्थिंगची तार न जोडताही पंप पाणी खेचतो. काम झाल्यासारखे दिसते, गिलावा होतो, मजुरी मिळते. पुढे कधीतरी तो सैल सांधा तापतो आणि आग लागते. किंवा पंपाच्या लोखंडी सांगाड्यात वीज उतरते आणि ओल्या पायांनी उभा असलेला शेतकरी प्राणास मुकतो. भिंतीआड जाणारे काम नीट करण्यास उमेदवाराला कोणतीही देखरेख भाग पाडू शकत नाही. तेथे त्याची स्वतःची आस्थाच उपयोगी पडते. ही आस्था कोठून येते, या प्रश्नाचे एक उत्तर कोल्हापूरपासून फार दूर नसलेल्या किर्लोस्करवाडीच्या संस्थापकाच्या चरित्रात सापडते.

चित्रकलेकडून यंत्रांकडे

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने शाळेत रमावे, ही त्यांची इच्छा. पण मुलाचा जीव चित्रकलेत आणि यंत्रांत. वडिलांचा विरोध असतानाही, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आर्थिक आधारावर लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी एक कटू सत्य समोर आले. त्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नव्हता. चित्रकाराच्या आयुष्याचा विचार सोडून द्यावा लागला.

आपण निरुपयोगी ठरलो, अशी समजूत करून घेण्याचे हे वय. लक्ष्मणरावांनी मात्र आपल्या उणिवेची बाधा न पोहोचणारे काम शोधले. यंत्रांची रेखाटने काढण्यास रंग लागत नाहीत. अचूक नजर आणि स्थिर हात लागतो. त्यांनी यांत्रिक आलेखनाचा अभ्यास पुरा केला आणि मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये दरमहा ४५ रुपये पगारावर साहाय्यक शिक्षकाची जागा मिळविली. १८८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

त्यांची खरी उमेदवारी येथेच झाली. तिच्यासाठी कोणी करारपत्र केले नव्हते आणि विद्यावेतनही दिले नव्हते. वर्गात रेखाटन शिकविण्याचे काम संपले की ते संस्थेच्या कार्यशाळेत जात आणि यंत्रे हाताळून पाहत. कागदावर काढलेला भाग प्रत्यक्षात कसा फिरतो, कोठे घासतो, कोठे मोडतो, हे त्यांनी हात काळे करून जाणून घेतले. ज्या काळात शिकलेल्या माणसाने हातोडा धरणे कमीपणाचे मानले जाई, त्या काळातील ही गोष्ट आहे. याच सुमारास, १८८८ मध्ये, दोघा बंधूंनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालविण्यास शिकवीत. किर्लोस्कर बंधू या नावाचा आरंभ त्या दुकानातून झाला.

नोकरीत मात्र त्यांना एक धक्का बसला. बढतीवर त्यांचा हक्क असताना ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी १८९७ च्या सुमारास राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. उमेदीने काम करणाऱ्या माणसास आपल्या कामाचे मोल होत नाही असे दिसले, की तो त्या जागेवर टिकत नाही, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून ओळखले होते. पुढे स्वतः मालक झाल्यावर या अनुभवाचा त्यांना विसर पडला नाही.

नांगर आणि दोन वर्षांची प्रतीक्षा

बेळगावात सायकलींबरोबर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनविण्यास घेतला. माल चांगला होता, पण गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. शेतकरी अडाणी आहे, असे म्हणून लक्ष्मणराव थांबले नाहीत. नांगर शेतात चालवून दाखविणे, तक्रार आली की ती दोषाची खूण समजून सुधारणा करणे, हाच क्रम त्यांनी ठेवला.

ओतकामाचे एक वैशिष्ट्य विजेच्या कामाशी जुळते. साच्यात ओतलेल्या लोखंडाच्या आत हवेची पोकळी राहिली तर वरून ती दिसत नाही. रंग दिला की भाग चकचकीत दिसतो आणि शेतात दगड लागताच मोडतो. साचा घडविणाऱ्या कारागिरास आपला नांगर कोणाच्या शेतात जाणार, याची जाणीव असली तरच तो वाळूचा साचा काळजीने घडवितो. नांगराच्या धंद्यात ही जाणीव असलेली माणसे मिळविणे भांडवल मिळविण्याइतकेच अवघड होते.

धंदा उभा राहत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी त्यांची जागा मागितली. कारखाना हलविणे भाग पडले. औंधच्या एका सभामंडपाच्या कामामुळे संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी लक्ष्मणरावांचा परिचय झाला होता. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जमीन देऊ केली आणि कर्जाचीही व्यवस्था केली. जमीन ओसाड होती. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट. १९१० मध्ये २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे यांना घेऊन लक्ष्मणराव तेथे उतरले. त्या माळाची पुढे किर्लोस्करवाडी झाली आणि कोल्हापूर-मिरज-पुणे लोहमार्गावरील त्या स्थानकासही तेच नाव मिळाले.

माणसांची पारख

किर्लोस्करवाडीच्या पहिल्या पिढीची यादी आजच्या एखाद्या नोकरभरती अधिकाऱ्याने पाहिली तर त्यातील बऱ्याच जणांचे अर्ज तो बाजूला ठेवील. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण शाळेतच थांबले होते. कारखान्यात ते कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. शंभूराव जांभेकर यांत्रिकी विभाग पाहू लागले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले. धाकट्या भावास शिकविणारे रामूअण्णा वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहत. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले आणि ते दोघेही पूर्ण विश्वासास पात्र ठरले.

हे भाबडेपणाने केलेले धाडस नव्हते. माणसास जबाबदारी दिली, तिच्यासाठी लागणारे ज्ञान आणि हत्यारे दिली आणि मग कामावरून त्याची पारख केली, तर बहुतेक माणसे त्या जबाबदारीच्या उंचीस पोहोचतात, असा त्यांचा अनुभव होता. पुढे याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत १९३९ मध्ये निघाली. कळंब्यास एकीकडे प्रशिक्षण संस्था आणि दुसरीकडे मध्यवर्ती कारागृह आहे, हे लक्षात घेतले तर या विचाराचे महत्त्व अधिक जाणवते.

वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास लक्ष्मणरावांनी मनाई केली. त्या काळी हे सोपे नव्हते. पण त्याचा कामाशी थेट संबंध होता. ज्या मुलास पाण्याच्या घड्याजवळ जाऊ दिले जात नाही, त्याने यंत्राजवळ मन लावून काम करावे, ही अपेक्षाच चुकीची ठरते. १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे मासिक वाडीतून निघू लागले. शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ते कारखान्याच्या कुंपणापलीकडे गेले आणि मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले.

तोफांचे नांगर, पुढे विजेच्या मोटारी

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले. कारखाना बंद पडण्याची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांनी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांकडे संस्थानातील जुन्या, निकामी तोफांची मागणी केली. महाराजांनी ती मान्य केली. त्या तोफा वितळवून नांगर बनविण्यात आले. अडचणीच्या दिवसांत कामगारांना घरी न बसविता काम चालू ठेवणे, हे मालकाचे कर्तव्य त्यांनी मानले.

१९२० मध्ये किर्लोस्कर बंधू ही मर्यादित कंपनी झाली. १९२६ मध्ये पहिला सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. पुढे डिझेल इंजिने आली, आणि १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रहत्यारांचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीची स्थापना झाली आणि लक्ष्मणरावांचे पुत्र रवी किर्लोस्कर यांनी ती उभी केली. विजेच्या मोटारी आणि पंप यांनी दक्षिण महाराष्ट्रातील शेती पालटली. विहिरीवरील मोटारीची जळालेली वाइंडिंग सोडविणे, नवी तार मोजून गुंडाळणे, वार्निश देऊन वाळविणे, ही कामे करणारा एक मोठा कारागीरवर्ग त्यांतून गावोगावी तयार झाला. कळंब्याच्या रस्त्यावरून बाहेर पडणारा वीजतंत्री आज ज्या धंद्यात शिरतो, त्याची घडण अशी झाली आहे.

१९४८ च्या आरंभी, महात्मा गांधींच्या हत्येनंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात पोहोचत होते. सारी उमर खर्चून उभे केलेले काम जळताना पाहणे सोपे नसते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि चालू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

उमेदवारांसाठी आणि त्यांच्या उस्तादांसाठी

लक्ष्मणरावांचे चरित्र उमेदवारांपुढे ठेवताना बहुधा अर्धेच सांगितले जाते. चिकाटी धरा, कष्ट करा, म्हणजे मोठे व्हाल, एवढाच बोध त्यातून काढला जातो. तो खोटा नाही. कोणी न सांगता कार्यशाळेत थांबणारा शिक्षक आणि दोन वर्षे नांगर न विकले जाताही भट्टी न विझविणारा कारखानदार यांच्याकडून ते शिकावेच. आपल्याला रंग ओळखता येत नाहीत हे कळल्यावर रडत न बसता दुसरा रस्ता धरणे, हेही शिकण्यासारखे आहे.

उरलेला अर्धा भाग उस्ताद, निदेशक आणि कारखानदार यांच्यासाठी आहे. गुणी माणसास डावलले तर तो निघून जातो, हे लक्ष्मणरावांच्या राजीनाम्याने दाखविले. आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेला माणूसही भरवशाने उभा राहतो, हे किर्लोस्करवाडीने दाखविले. वर्षभर फक्त सामान वाहून नेणाऱ्या उमेदवारास पॅनेलची जोडणी करताना आस्था कोठून येणार? त्याला एक छोटे, पण पुरे काम द्यावे. एका खोलीची वायरिंग त्याने आराखड्यापासून चाचणीपर्यंत स्वतः करावी. मेगरने इन्सुलेशन तपासावे, अर्थिंगचे माप घ्यावे आणि त्या नोंदीखाली आपली सही करावी. चूक झाली तर उस्तादाने ती उघडून दाखवावी आणि दुरुस्त त्याच्याकडूनच करून घ्यावी. यास पैसा फारसा लागत नाही. उस्तादाचा वेळ मात्र लागतो, आणि कामाच्या घाईत तोच द्यावयाचे राहून जाते.

विद्यावेतन वेळेवर मिळाले पाहिजे आणि ते पोटापुरते असले पाहिजे, यात वाद नाही. उपाशी मुलाकडून निष्ठेची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. पण भिंतीआड जाणारा सांधा घट्ट आवळला जावा, यासाठी त्या मुलाला ते काम आपले वाटावे लागते, आणि ते वाटण्यास कोणीतरी आधी त्याच्यावर विसंबावे लागते. लक्ष्मणरावांनी कुंडल रोडच्या माळावर १९१० मध्ये हेच केले होते.